मन्ना, बूट आणि न खेळलेला विश्वचषक

दर चार वर्षांनी फुटबॉलचा विश्वचषक आला की एक गोष्ट हटकून वर येते. १९५० साली भारताला ब्राझीलचे बोलावणे होते, पण आपले खेळाडू अनवाणी खेळत आणि फिफाला ते चालले नाही. प्रश्नमंजूषेत हा प्रश्न असतो, मोबाइलवर हा संदेश फिरतो आणि फारसे कोणी तो तपासत नाही. या गोष्टीत एक माणूस कायम बाजूला पडतो. तो संघ गेला असता तर त्याचे नेतृत्व ज्यांच्याकडे जायचे, ते डावे फुलबॅक शैलेन मन्ना. जन्म १९२४ चा, हावडा जिल्ह्यातला. १९४२ ते १९६० अशी १९ वर्षे ते कोलकात्याच्या मोहन बागान क्लबकडून खेळले. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक भारताने जिंकले ते त्यांच्याच नेतृत्वाखाली. एवढी मोठी कारकीर्द अर्ध्यामुर्ध्या किश्श्यांखाली दबून गेली आहे. ते किस्से एकेक करून बाजूला काढायला हवेत.

फिफाने अनवाणी खेळायला बंदी घातली, म्हणून भारत १९५० चा विश्वचषक खेळू शकला नाही.

ही समजूत सहज पटण्याजोगी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सविरुद्ध उतरलेले बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी होते, हे खरे. दोन वर्षांनी भारत विश्वचषकाला गेला नाही, हेही खरे. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्या की मन आपोआप त्यांची गाठ मारते. त्यातच आजच्या नियमांत पादत्राण सक्तीचे आहे. आजचा नियम ७० वर्षे मागे नेऊन लावला की गोष्ट पुरी होते आणि ऐकणाऱ्याला शंका घ्यायला जागा उरत नाही.

पण या गोष्टीच्या तारखा जुळत नाहीत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्येही अनेक भारतीय खेळाडू बुटांविना मैदानात उतरले होते. ऑलिम्पिकचा फुटबॉल फिफाच्याच देखरेखीखाली होतो. १९५० मध्ये ज्या संस्थेने अनवाणी पायांना दार बंद केले म्हणतात, तिनेच १९५२ मध्ये त्याच पायांना कसे येऊ दिले? दरम्यान १९५१ ची आशियाई स्पर्धाही भारताने बरीचशी अनवाणीच खेळून जिंकली होती. त्या काळच्या नियमावलीत बुटांबद्दल अटी होत्या, पण त्या तळाला लावायच्या पट्ट्या आणि खुंट्या कशा असाव्यात याच्या होत्या. समोरच्या खेळाडूला इजा होऊ नये, ही त्यामागची चिंता. बूट सक्तीचे केले ते भारताच्याच फुटबॉल महासंघाने, आणि तेही हेलसिंकीच्या दारुण पराभवानंतर.

मग संघ गेला का नाही? महासंघाने तेव्हा दिलेली कारणे कोरडी आहेत. संघनिवडीवरून मतभेद, सरावाला अपुरा वेळ, लांबचा आणि खर्चिक प्रवास. त्यांच्यामागे आणखी एक कारण होते आणि तेच सर्वांत वजनदार होते. त्या काळच्या भारतीय फुटबॉलला विश्वचषकाचे महत्त्वच उमगले नव्हते. भारत फिफाचा सदस्य झाला तो १९४८ मध्ये, म्हणजे अवघ्या दोन वर्षांपूर्वी. निधनाच्या आदल्या वर्षी, २०११ मध्ये, दिलेल्या एका मुलाखतीत मन्ना यांनी हे स्वच्छ सांगितले होते. विश्वचषकाची खेळाडूंना काही कल्पना नव्हती, त्यांच्या लेखी ऑलिम्पिक हेच सर्वस्व होते, नीट माहिती मिळाली असती तर खेळाडूंनी स्वतःच पुढाकार घेतला असता. जो कर्णधार म्हणून गेला असता त्याचीच ही साक्ष आहे. ती हाताशी असताना बुटांची गोष्ट सांगत राहण्याचे कारण नाही. या गोष्टीमुळे दोष परदेशी संस्थेवर जातो आणि निर्णय घेणारे पदाधिकारी नामानिराळे राहतात. तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य बहुधा यातच आहे.

बूट घ्यायला पैसे नव्हते, म्हणून आपले खेळाडू अनवाणी खेळत.

गरिबी होती, ती नाकारता येत नाही. लहानपणी अनवाणी खेळूनच बहुतेकांचे पाय तयार झाले. पण ऑलिम्पिकसाठी लंडनला नेलेल्या संघाला बूट देता आले नाहीत, असे मानणे चूक आहे. अनवाणी खेळणे ही सवय होती, आणि पुढे निवड झाली. त्या वेळचे बूट म्हणजे घोट्याच्या वर येणारे जाड चामडे आणि तळाला ठोकलेल्या खुंट्या. पाणी शोषले की ते आणखी जड होत. अनवाणी खेळाडू घोट्याभोवती आणि तळपायाच्या मधोमध पट्ट्या घट्ट गुंडाळत आणि बोटे मोकळी ठेवत. चेंडू बोटांनी थोपवायचा, तळव्याखाली फिरवायचा, क्षणात दिशा बदलायची, हे त्या जड बुटांत जमत नसे. कोरड्या, कडक मैदानावर या पद्धतीचा फायदाच होई. मैदान ओले झाले की मात्र तोच पाय घसरे, आणि बूटवाल्या संघाचा वरचष्मा होई. मोहन बागानने १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तो संघ अनवाणी म्हणूनच प्रसिद्ध आहे. त्यातही सुधीर चटर्जी हे बचावपटू बूट घालून खेळले होते. दोन्ही प्रकारचे खेळाडू एकाच संघात असत. ज्याला जे सोयीचे, ते त्याने पायात घालावे किंवा घालू नये, अशी रीत होती.

ब्राझीलला जायला पैसे नव्हते, शिवाय विश्वचषक खेळला असता तर ऑलिम्पिकचे दार बंद झाले असते.

बुटांची गोष्ट खोटी ठरली की ही दोन कारणे पुढे केली जातात. दोन्हींत थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती तपासली पाहिजेत. नव्या देशाकडे परकीय चलन तुटपुंजे होते आणि रिओ लंडनपेक्षा कितीतरी दूर. पण प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलण्याची तयारी यजमान ब्राझीलने दाखवली होती. दोन वर्षांपूर्वी लंडनला संघ पाठवता आला आणि दोन वर्षांनी हेलसिंकीलाही पाठवता आला. पैशांची अडचण होती, पण तेवढ्यावर पाऊल अडले नाही.

दुसरी भीती हौशीपणाची. ऑलिम्पिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता, आणि व्यावसायिकांच्या स्पर्धेत उतरल्यास तो हक्क जाईल, असे म्हटले जाते. ही भीती निराधार होती, हे दाखवायला विश्वचषकात भारताच्याच गटात असलेल्या संघातला एक खेळाडू पुरेसा आहे. मन्ना यांच्याप्रमाणेच डाव्या बाजूचे बचावपटू असलेले स्वीडनचे एरिक निल्सन १९४८ मध्ये ऑलिम्पिक सुवर्ण जिंकले, १९५० चा विश्वचषक खेळले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीत पुन्हा ऑलिम्पिकमध्ये उतरून कांस्यपदक घेऊन गेले. स्वीडनने १९५० मध्ये हौशी खेळाडूंचाच संघ पाठवला होता. इटलीत व्यावसायिक झालेले त्यांचे मोठमोठे आघाडीवीर त्यांनी घरच्या संघात घेतलेच नव्हते. विश्वचषक खेळूनही हौशी राहता येत होते. फक्त चौकशी करायला हवी होती.

पात्र ठरूनही माघार घेणारा भारत हा एकमेव देश.

मुळीच नाही. ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांनी माघार घेतली म्हणून भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला होता. पात्र ठरलेल्या तुर्कस्तानने माघार घेतली. ब्रिटिश स्पर्धेत अव्वल आलो तरच जाऊ, अशी अट स्कॉटलंडने स्वतःलाच घातली होती. ते दुसरे आले आणि जागा असूनही गेले नाहीत. फ्रान्सला नंतर निमंत्रण मिळाले, पण सामन्यांच्या दोन शहरांमधले हजारो किलोमीटरचे अंतर पाहून त्यांनीही पाय मागे घेतला. १६ संघांची स्पर्धा १३ संघांत झाली. उरुग्वेच्या गटात बोलिव्हिया हा एकच प्रतिस्पर्धी होता, त्याला ८-० असे हरवून ते पुढे गेले आणि शेवटी जगज्जेते झाले.

भारत गेला असता तर सहज बाद झाला नसता, कदाचित पदकही मिळाले असते.

या आशेचा आधार १९४८ चा फ्रान्सविरुद्धचा अटीतटीचा सामना आणि १९५१ चे आशियाई सुवर्ण. दोन्ही आधार खरे आहेत, पण त्यांच्यावर रचलेला इमला फार उंच आहे. भारताच्या गटात स्वीडन, इटली आणि पॅराग्वे होते. इटली हे आधीच्या दोन विश्वचषकांचे विजेते. मे १९४९ मध्ये सुपेर्गाच्या टेकडीवर झालेल्या विमान अपघातात तोरिनो क्लबचा संघ दगावला होता आणि त्यात इटलीच्या राष्ट्रीय संघाचा कणाच गेला होता. तरीही त्या खचलेल्या संघाने पॅराग्वेला २-० असे हरवले. इटलीला ३-२ असे नमवणारा स्वीडन स्पर्धेत तिसरा आला. भारतात तेव्हा स्थानिक सामने ९० मिनिटांचे नसत. ७० मिनिटांच्या खेळाची सवय असलेल्या पायांना शेवटची २० मिनिटे फार जड गेली असती. दोन वर्षांनी हेलसिंकीत काय झाले, ते पुढे येतेच. न जाण्याचे नुकसान वेगळेच होते. १९५० मध्ये मोठ्या मैदानावर मोठ्या संघांशी गाठ पडली असती तर ९० मिनिटांचा खेळ, बूट, नवी रचना हे सारे धडे दोन वर्षे आधी मिळाले असते. हरूनही पुष्कळ काही मिळण्याजोगे होते, आणि हळहळ वाटायचीच तर ती याबद्दल वाटावी.

लंडन ऑलिम्पिकमध्ये कर्णधार मन्ना होते, आणि त्यांनी पेनल्टी दवडली म्हणून भारत हरला.

यातला पहिला भाग सरळ चूक आहे. १९४८ चे कर्णधार होते तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांतून कोलकात्याला वैद्यकीय शिक्षणासाठी आलेले, मोहन बागानच्या मधल्या फळीत खेळणारे आणि लंडनच्या उद्घाटन सोहळ्यात भारताचा ध्वज घेऊन चाललेले. मन्ना नंतर इतके नावाजले की मागच्या संघाचे नेतृत्वही लोकांनी त्यांच्याच नावे करून टाकले. यात आओ यांच्यावर अन्याय होतो, आणि तो दुरुस्त करणे अवघड नाही.

दुसरा भाग अर्धा खरा. मन्ना यांनी पेनल्टी दवडली, हे खरेच. पण त्या दिवशी भारताला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या, आणि दुसरी महाबीर प्रसाद यांच्याकडून हुकली. मन्ना यांची फ्री किक जोरकस म्हणून ओळखली जाई. चेंडू त्यांच्याकडे सोपवला गेला, यात नवल नव्हते. पूर्वार्धात फ्रान्सने आघाडी घेतली, ७० व्या मिनिटाला सारंगपाणी रामन यांनी बरोबरी साधली आणि सामना संपायला एक मिनिट उरले असताना फ्रान्सने दुसरा गोल केला. स्वतंत्र भारताचा हा ऑलिम्पिकमधला पहिलाच फुटबॉल सामना. ८९ व्या मिनिटापर्यंत तो १-१ असा बरोबरीत होता. असा सामना एका किकने हरला असे म्हणायचे असेल, तर तो एवढा वेळ बरोबरीत राहिला कशामुळे, हेही सांगावे लागते. फ्रान्सची आघाडी वाढू न देण्याचे काम करणाऱ्यांत मन्ना होते. बचावपटूच्या नशिबी हे नेहमीच येते. त्याने अडवलेले दहा हल्ले कोणी मोजत नाही, आणि हुकलेली एक किक ५० वर्षे पुरते.

हेलसिंकीत भारत १-१० असा हरला, म्हणजे कर्णधार आणि बचावफळी कुचकामी होती.

आकडा खरा आहे आणि तो डोळ्यांत खुपतो. १५ जुलै १९५२ रोजी युगोस्लाव्हियाने भारताचा असा फडशा पाडला, आणि संघाचे कर्णधार मन्नाच होते. मैदानात बचावाचे नेतृत्वही त्यांच्याकडेच, मग दोष दुसऱ्या कोणाचा, असा प्रश्न साहजिक वाटतो. पण समोर कोण होते ते पाहा. हा संघ चार वर्षांपूर्वी लंडनमध्ये रौप्यपदक जिंकलेला होता. याच स्पर्धेत तो अंतिम फेरीपर्यंत गेला आणि हंगेरीकडून हरून त्याने पुन्हा रौप्य मिळवले. भारताविरुद्ध चार गोल करणारे ब्रांको झेबेक स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत होते. सोव्हिएत संघासारख्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यावरही युगोस्लाव्हियाने एका सामन्यात पाच गोल चढवले होते.

दुसरी बाब रचनेची. भारत अजून दोन बचावपटू, तीन हाफ आणि पाच आघाडीवीर अशा जुन्या मांडणीने खेळत होता. या मांडणीत दोन फुलबॅकना समोरच्या पाच जणांना तोंड द्यावे लागते. प्रतिस्पर्ध्याच्या आघाडीवीरांनी जागा बदलत खेळायला सुरुवात केली की त्या दोघांपैकी एकाने कोणाकडे जायचे आणि कोणाला सोडायचे, हा पेच प्रत्येक हल्ल्यात पडतो. मन्ना यांचे बळ होते ते अंदाजात. चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखून तिथे पोहोचायचे आणि साथीदार चुकला तर त्याची जागा झाकायची. पण असा अंदाज एका वेळी एकाच दिशेने धावू शकतो. थंड, ओल्या हवेत अनवाणी पायांची पकडही सुटली. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यानंतर संघाची रचना बदलली, महासंघाने बूट सक्तीचे केले आणि १९५६ मध्ये मेलबर्नला भारत चौथा आला.

हेलसिंकीच्या आदल्या वर्षीचा निकालही याच कर्णधाराचा आहे, हे विसरले जाते. दिल्लीत भारताने इंडोनेशियाला ३-०, अफगाणिस्तानला ३-० आणि अंतिम सामन्यात इराणला १-० असे हरवले. विजयी गोल साहू मेवालाल यांचा. त्यांचे नाव सर्वांना आठवते, आणि आठवायलाच हवे. पण त्याच स्पर्धेत आणखी एक नोंद आहे. तीन सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही. ज्या बचावफळीला हेलसिंकीवरून नावे ठेवली जातात, तिचा कर्णधार तोच होता.

इंग्लंडच्या राजाने मन्ना यांचे पाय लोखंडाचे आहेत का, हे विजार वर करायला लावून पाहिले.

हा किस्सा ऐकायला गोड आहे आणि त्यातले कौतुक खरे आहे. बूटवाल्यांच्या टाचांखाली उघडे पाय घालणाऱ्यांबद्दल लंडनला अचंबा वाटला होता. पण सांगणाऱ्यागणिक हा किस्सा बदलतो. कधी पाहणारा राजा सहावा जॉर्ज असतो, कधी प्रश्न विचारणारी राजकन्या मार्गारेट. ज्या किश्श्यातली माणसे आणि संवाद असे बदलत राहतात, तो किस्सा म्हणूनच ऐकावा. इतिहास म्हणून लिहू नये.

इतका मोठा खेळाडू म्हणजे मोहन बागानने त्यांना भरपूर पैसे दिले असणार.

आजच्या करारांचे आकडे रोज छापून येतात, त्यामुळे असे वाटणे स्वाभाविक आहे. त्या काळच्या कोलकात्यात क्लब हे घराण्यासारखे होते, आणि त्याचे पैसे घेणे अनेकांना कमीपणाचे वाटे. मन्ना यांनी मोहन बागानकडून पगार घेतला नाही. पोटापाण्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातली नोकरी होती. १९५० ते १९५५ या काळात ते क्लबचे कर्णधार होते. याच वर्षांत मोहन बागानने १९५३ मध्ये पहिल्यांदा ड्युरँड चषक जिंकला आणि १९५५ मध्ये पहिल्यांदा मुंबईचा रोव्हर्स चषक. त्याआधी सलग पाच वर्षे तो चषक हैदराबाद सिटी पोलिसांनी कोणाला मिळू दिला नव्हता. सरकारने १९७१ मध्ये मन्ना यांना पद्मश्री दिली, महासंघाने २००० मध्ये सहस्रकातला भारतीय फुटबॉलपटू म्हणून गौरवले आणि पुढच्या वर्षी क्लबने मोहन बागान रत्न हा सन्मान दिला. तोवर त्यांना निवृत्त होऊन चार दशके झाली होती.